निरोगी असल्याचा दाखला

मॅडमनी माझी बाटली सांडशीत धरली होती.

इन्सुलिनची बाटली. अंगठ्याएवढी. कापडात गुंडाळून, छोट्या स्टीलच्या डब्यात घालून मी ती त्यांच्या फ्रीजच्या दारात ठेवली होती. डबा ओट्यावरच राहिला. बाटली तेवढी सांडशीत धरून मॅडम स्वयंपाकघरातून व्हरांड्यापर्यंत आल्या, हात लांब करून. माझ्या चपलांशेजारी पायरीवर ती ठेवली.

"कोणाला विचारून ठेवलंस?"

मी आजींकडं बघितलं. आजी म्हणजे साहेबांच्या आई. सकाळी मी त्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "ठेव की, त्यात काय." आता त्या झोपाळ्यावर बसून पदराचा काठ चाचपत होत्या.

"आमची खाण्याची जागा आहे ती," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लोकांच्या सुया-औषधं तिथं नकोत."

"मॅडम, आजींची बाटली पण तिथंच हाय. तेच औषध हाय."

"आजींचं वेगळं असतं."

वेगळं काही नव्हतं. आजींची बाटली दर महिन्याला औरंगपुऱ्यातल्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत घालून मीच आणायचो. कंपनी तीच. नाव तेच. माझी बाटली पायरीवर आली तेवढ्यात मॅडमनी कामवाल्या बाईला हाक मारली आणि फ्रीजचं दार साबणाच्या पाण्यानं पुसायला लावलं. मी तिथंच उभा होतो. मला ऐकू यावं म्हणूनच जरा मोठ्यानं सांगितलं असावं.

मे महिना होता. पायरी तापलेली. मी बाटली उचलली, गाडीत जाऊन बसलो आणि रडलो. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन पोरींचा बाप, स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो.

अकरा वर्षं त्या घराची गाडी चालवली मी. कामावर लागलो त्या दिवशी साहेबांनी दोनच गोष्टी विचारल्या. आडनाव काय आणि लायसन कुठंय. आडनाव ऐकून मॅडमनी माझा चहाचा कप वेगळा काढला, तो बागेच्या नळाजवळच्या कट्ट्यावर राहिला. आणि लायसन साहेबांनी घेतलं. "माझ्याकडं राहू दे, ड्रायव्हर लोक पळून जातात," म्हणाले. मला दिली झेरॉक्स. खरं लायसन त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेलं. तिथं माळ्याचं आधारकार्डही होतं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. नोकरी मिळाली याचाच आनंद एवढा होता.

गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं. सकाळी आणि रात्री, जेवणाआधी. सकाळचं मी मुकुंदवाडीत घरी घ्यायचो. घरी फ्रीज नाही, बायको संगीता बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची. पण रात्रीचं घ्यायच्या वेळी मी कामावर. उन्हात उभी राहिलेली गाडी म्हणजे तापलेला तवा, तिथं औषध बिघडणार. म्हणून तर आजींना विचारलं होतं.

त्या दिवसानंतर मी बाटली थंड पाण्याच्या थर्मासमध्ये न्यायला लागलो. गाडीत, काचा वर करून, शर्टाआड सुई टोचायची. चोरी केल्यासारखी.

जून लागताना साहेबांच्या नात्यात एक लग्न होतं. घरचे सगळे मंगल कार्यालयात. मी बाहेर. साडेसात वाजले, सुई घेतली, डबा उघडला. पहिला घास हातात होता आणि फोन वाजला. मॅडम. "आजींना त्रास होतोय, घरी सोड. गाडी लगेच गेटवर लाव."

डबा तसाच झाकला. गेटवर गाडी लावली. आजींना यायला अर्धा तास लागला. आहेर राहिला होता, मग फोटो राहिला होता. ड्रायव्हर जेवला का, हे विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. मीही सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवयच झाली होती मला. पण सुई आत गेली की ती कुणासाठी थांबत नाही, पोटात अन्न नसलं तर साखर एकदम उतरते.

जालना रोडवर आलो आणि हात थरथरायला लागले. घाम. समोरचे दिवे एकाचे चार दिसायला लागले. ब्रेक मारला तेव्हा गाडी एका भाजीच्या हातगाडीपासून वीतभर लांब थांबली. हातगाडीवाली बाई ओरडली. ती काय ओरडली ते मला कळलं नाही, तिचं तोंड तेवढं हललेलं दिसलं.

मागून आजींचा हात पुढं आला. त्यात खडीसाखर होती.

"खा. लवकर खा. मला माहितीये हे," त्या म्हणाल्या.

मी खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांनी जग जागेवर आलं. मी डबा काढून दोन पोळ्या खाल्ल्या. आजी म्हणाल्या, "घरी सांगू नकोस. मीपण नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना सगळं माहीत होतं. आजींचा मला राग आला नाही. म्हातारं माणूस भ्यालं असणार. पण खडीसाखरेचं त्यांनी घरात सांगितलं नव्हतं, फक्त मी थरथरत होतो एवढंच सांगितलं होतं.

साहेबांनी मला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. टेबलावर एक कागद ठेवला. माझं लायसन नवं करायची वेळ आली होती आणि चाळिशीनंतर त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तो दाखला साहेबांच्या एजंटनं आणून ठेवला होता. शिक्का होता, सही होती. मला न बघता, माझ्या अंगाला बोट न लावता एका डॉक्टरनं मला निरोगी ठरवलं होतं. सोबतच्या अर्जात विचारलं होतं, अचानक चक्कर येते का, शुद्ध हरपते का. त्यापुढं 'नाही' असं लिहून तयार.

"खाली सही कर," साहेब म्हणाले. "आणि ती सुई बंद कर. गोळ्या घे. इन्सुलिनवाल्याचं लायसन रद्द होतं, माहितीये ना? परत सुई दिसली तर हे ड्रॉवर उघडणार नाही."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. एवढंच सुचलं. आणि लिहायला लाज वाटते, पण मी सुई बंद केली. दोन्ही वेळची. पंधरा दिवस. लायसन गेलं तर पोटावर पाय, हीच भीती. रात्री पाच-सहा वेळा उठून पाणी प्यायचो. दुकानांच्या पाट्या धूसर झाल्या. चौकातला सिग्नल जवळ गेल्यावर कळायचा. तरी गाडी चालवत होतो.

संगीतानं ओळखलं. भरलेली बाटली तिनं माठाशेजारी बघितली होती.

"तुमाला समोरचं माणूस तरी दिसतंय का ओ?" तिनं विचारलं.

मी चपला शोधायला लागलो.

"आपल्या पोरी त्याच रस्त्यानं सायकलवर जात्यात," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी मारली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या थोरलीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी बोट टोचून साखर बघितली. डोळे बघितले. खाली वाकून माझे पाय हातात घेतले, तळवे दाबून बघितले. मी पाय मागं ओढले. "ओढू नका," त्या म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. हातगाडीसुद्धा.

"इन्सुलिन घेता म्हणून लायसन जातं, असं कोण म्हणालं? साखर उतरते ते तुम्हाला वेळेत कळतं का आणि तुम्ही गाडी थांबवता का, हे महत्त्वाचं."

"मंग सही करता का म्याडम?"

"आज नाही. इन्सुलिन आजच परत सुरू करा. रोज तपासा, वहीत लिहा. तीन महिन्यांनी या, मग बघू. तोवर गाडी चालवायची नाही."

बाहेर बाकावर किती वेळ बसलो, ठाऊक नाही. तीन महिने. गाडी चालवण्याशिवाय मला दुसरं काहीच येत नव्हतं. साहेबांचा तो कागद डोळ्यांपुढं आला, खोटं कशाला बोलू, मोह झाला. एक सही आणि नोकरी शाबूत. पण मला तपासून 'नाही' म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. बाकीच्यांनी न बघताच ठरवलं होतं. मी निरोगी का, मी घाणेरडा का, सगळं न बघताच. आणि अकरा वर्षं मीही त्यांच्याच शब्दावर चाललो होतो. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

तसाच बंगल्यावर गेलो.

"माझं लायसन द्या साहेब."

साहेबांना आधी हसू आलं. मग सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोण ठेवणार आहे तुला? अजून वेळ गेलेली नाही. सही कर."

"त्या कागदात चक्कर येत नाय आसं लिवलंय. मला आली व्हती. तवा तुमची आई माज्या मागं बसली व्हती."

साहेबांनी तो कागद बाजूला सारला. मग ड्रॉवर उघडलं.

आता मी मेव्हण्याच्या पंक्चरच्या दुकानात बसतो. एक महिना झाला. चाकं खोलतो, ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो. हात काळे होतात, घरात ओढाताण आहे, संगीता दोन घरची धुणीभांडी जास्त करते. मला रोज गाडीची आठवण येते. खोटं वाटेल, पण क्लच दाबल्यासारखा डावा पाय झोपेत हलतो.

वहीत रोजची साखर लिहितो. चढली ती लिहितो, उतरली तीही लिहितो. दोनदा उतरली. डॉक्टरबाईंनी सही केली तर गाडी चालवीन. नाही केली तर चालवणार नाही. पण खोट्या कागदावर निरोगी होणार नाही आणि माझं लायसन यापुढं कुठल्याही मालकाच्या हातात देणार नाही.

सुईची वेळ झाली की आडोशाला जात नाही. दुकानाच्या दारात, गिऱ्हाईक उभं असताना, शर्ट वर करून घेतो. ज्याला बघायचं त्यानं बघावं.