उदगीरला जायला मी तयार आहे, असं तिनं सांगितलं

त्या दिवशी मी उगीचच रजा टाकली होती. ऑफिसात बदल्यांची कुजबुज ऐकून डोकं उठलं होतं. नवरा ड्युटीवर, मुलगी कॉलेजात. सासूबाई आणि मी ओसरीत बसून तूरडाळ निवडत होतो. असं निवांत घर मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

आमच्या संस्थेच्या माती तपासायच्या दोन प्रयोगशाळा, एक नांदेडला, एक उदगीरला. नवी मशीन आली तसं नांदेडला दोघींच्या जागी एकच बाई पुरे, दुसरीनं उदगीरला जावं, असं वरून ठरलं. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर मातीचे नमुने चाळले, एका डब्यात जेवलो. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ती रोज दवाखान्यात येऊन माझी वेणी घालायची. आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला होता: दोघींनाही इथंच ठेवा, नाहीच जमलं तर चिठ्ठ्या टाका. दोघींच्या सह्या झाल्या. अर्ज साहेबांकडं ती देणार होती.

अकराच्या सुमारास साहेबांचाच फोन आला. आवाजात मोठी माया होती. म्हणाले, "आईजवळ जायला मिळतंय, बरं झालं. तुम्ही स्वतः सांगायला संकोचत होतात म्हणे. काल तुमच्या टेबलावरच्या मॅडमनी सगळं सांगितलं, आज ऑर्डर काढली."

मी "हो सर" म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.

माझं माहेर उदगीरचं. आई तिथं एकटी असते आणि हल्ली गॅस बंद करायला विसरते. एकदा डबा खाताना मला रडू आलं होतं, तेव्हा मी मैत्रिणीला म्हणाले होते की सगळं सोडून आईकडं जावंसं वाटतं. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी तिला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"तूच म्हणली होतीस की आईकडं जावं वाटतं म्हणून."

"वाटतं म्हणले होते. जाते म्हणले नव्हते."

ती म्हणाली, "माझी पोरगी बारावीला हाय. तुला माहीत हाय सगळं."

"मग मला सांगायचं होतंस. मी गेले असते."

ते खरं होतं. तिनं मागितलं असतं तर मी कुरकुरले असते, पण गेले असते. अर्जाचं काय केलंस, असं विचारलं तर तो अजून पर्समध्येच आहे म्हणाली.

मी परत येऊन डाळीपुढं बसले. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि उठून चहा टाकला. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो चिडून म्हणाला, वर तक्रार कर. मी लिहायला बसलेही. पण लिहायचं काय? मला आईजवळ जायचं नाही, हे? पहिल्या ओळीवरच हात थांबला. माझ्याच मनातली गोष्ट उचलून तिनं मला बांधून घातलं होतं.

पुढच्या महिन्यात मी उदगीरला रुजू झाले. शनिवारी नांदेडला येते, सोमवारी पहाटेच्या बसनं परत जाते. मैत्रिणीचा कामापुरता फोन येतो. मी आकडे सांगते आणि ठेवते. एकदा तिनं विचारलं, "जेवलीस का?" मी पुढच्या नमुन्याचा नंबर सांगितला.

आई मात्र खूश आहे. लेकीनं माझ्यासाठी स्वतःहून बदली मागून घेतली, असं तिनं सगळ्या गल्लीत सांगितलंय. शेजारच्या बायका कौतुकानं बघतात. आईचं बोलणं मी अजून खोडलेलं नाही. रात्री ती झोपली की मी गॅस बघून येते.