पप्पांच्या दगडाची घडी

आमच्या गावातनं कुठंही बघा, डोंगर जिन्यासारखा दिसतो. पायरीवर पायरी आणि वर एकदम सपाट. साताऱ्याकडचे डोंगर असेच, लाव्हाचे थर एकावर एक आडवे. मग अशा गावात कुणी "मी वाकलेला दगड बघितलाय" म्हणालं तर त्याचं काय होणार?

माझे पप्पा म्हणाले होते. फौजेत ड्रायव्हर होते ते. हिमालयात एका वळणावर गाडी थांबली आणि समोरच्या कड्यात दगडाचे थर चक्क गोधडीच्या घडीसारखे वाकलेले. सुट्टीवर आल्यावर हे त्यांनी नानांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या गुऱ्हाळावर सांगितलं, आणि झालं. नाना म्हणाले, "तिथं दगडाला पण थंडी वाजती व्हय रं?" तेव्हापासून गावात कुणी थाप मारली की "ह्येचा पण दगड वाकला" असं म्हणायची पद्धतच पडली. रिटायर होऊन आले तोवर पप्पांनी फौजेतलं काही सांगायचंच सोडलं होतं. आणि मला तर त्या गोष्टी लय ऐकायच्या होत्या.

मी सांगलीला कॉलेजात जिऑलॉजी घेतलं ते याच्यासाठीच, हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मग कॉलेजची सहल हिमाचलला गेली आणि रस्त्याकडेच्या कड्यात, देवाशप्पथ, तशीच घडी! सर काहीतरी सांगत होते, मी बाजूला जाऊन पप्पांना फोन लावला.

त्यांनी घडी कशी दिसतीय ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "वाकलाय तिथं तडा गेलाय का गं?"

"न्हाई पप्पा."

"मग तसलाच."

दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं. त्या वासाची आठवण आली तरी अजून तोंडाला पाणी सुटतं. चुलाणाची धग, काहिलीत रटरटणारा रस, बसायला उसाच्या चिपाडाचा ढीग. मी नानांना मोबाईलवरचे फोटो दाखवले.

"मोबाईलवर काय बाय, आता हत्तीला पण पंख फुटत्यात," नाना म्हणाले. बाकीचे हसले. पप्पा चिपाडं सारखी करत राहिले.

मग मला सुचलं. सकाळी फळीवर ओतलेली गुळाची पट्टी गार होऊन कडक झाली होती. काहिलीतला गरम गूळ घेऊन मी शेजारी दुसरी ओतली आणि जरा आळू दिली.

"ह्यो वरचा गार दगड," म्हणत मी कडक पट्टी दोन्ही टोकांनी दाबली. काडकन मोडली.

"आणि ह्यो खोलातला गरम." मी जोरात रेटलं, तर तीही मधनंच तुटली. काय हसले सगळे.

"दगड वाकला गं बाय," नाना म्हणाले.

मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात पप्पा उठले. त्यांनी स्वतः नवी पट्टी ओतली, बोटानं दाबून बघितली, एका टोकाला तळवा लावला. "तू तिकडनं धर. घाई करू नको. डोंगराला कसली घाई असती?"

आम्ही दोघं दोन बाजूंनी हळूहळू रेटत राहिलो. मग पट्टीच्या मधे एक फुगवटा आला, वर चढला, आणि सावकाश एका अंगाला कलंडला. घडी. तडा कुठंच नाही.

मी धडाधडा सांगत सुटले. खाली खोल दगड तापलेला असतो, वरनं डोंगराचं वजन, दोन बाजूंनी लाखो वर्षं रेटा, म्हणून वाकतो. गार दगड मोडतो. पाटणच्या बाजूला जमीन हलते, मांडणीवरची ताटं वाजतात, तेव्हा तडकलेला दगडच खाली सरकत असतो.

नानांनी वाकलेली पट्टी उचलून उजेडात धरली. "आमचा गूळच चांगला, म्हणून वाकला," म्हणाले. मग पप्पांकडं न बघताच, "बरं, त्या वळणावर तुझी गाडी थांबली कशानं, त्ये कवा सांगितलं न्हाईस."

पप्पांनी हात धुतले, चिपाडावर बसले आणि सांगायला लागले. गूळ गार करायच्या वाफ्यात ओतून झाला तरी सांगतच होते.

आता ते गुऱ्हाळ बंद आहे, ऊस कारखान्याला जातो. मी गावी गेले की नाना पारावर कुणाला तरी हिमालयातला दगड सांगत असतात. त्यांच्या दगडाला आता तीन घड्या पडल्यात. शेजारी बसलेले पप्पा हळूच म्हणतात, "एकच हुती."