नऊ फूट सात इंच

कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये झोनल जिंकणं किती अवघड असतं, यावर नव्वदीच्या दशकात आमच्या कॉलेजात जितकी भाषणं झाली, तितका सराव झाला असता तर आम्ही कधीच जिंकलो असतो, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगायचे. ते खोटं आहे. सराव आम्ही भरपूर केला. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी सहाला, बोटं आखडलेली, नाक गळतंय, अशा सात मुली चेंडू घेऊन कोर्टावर उभ्या असायच्या. भाषणंही झाली, सरावही झाला आणि तरी आम्ही हरलो.

झोनल म्हणजे जिल्ह्यातल्या कॉलेजांचे आपसातले सामने. एक सामना हरलात की पिशवी उचलायची आणि घरचा रस्ता धरायचा. जिंकणारा संघ विद्यापीठाच्या पुढच्या फेरीला जायचा. माझ्या मैत्रिणींना खेळाडूंचे वाढीव गुण हवे होते, प्रमाणपत्र हवं होतं. मला नुसती झोनल जिंकायची होती. संघात लांबून चेंडू टाकायचं काम माझं होतं आणि मला माझ्या हाताचा गर्व होता. तो का होता, तर आमच्या कोर्टावर मी टाकलेला चेंडू सहसा चुकत नसे.

आमच्या कोर्टावर आम्ही कोणालाही हरवायचो. शाळांचे संघ, पॉलिटेक्निकच्या मुली, एकदा तर शिक्षिकांचा संघ. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

पहिल्या वर्षी झोनल पिंपळगाव बसवंतला होती. कोर्ट हायवेच्या कडेला. कांद्याचे टेम्पो थांबवून ड्रायव्हर लोक कंपाउंडवर बसून सामना बघत होते. मी त्या दिवशी रिंगकडे किती चेंडू टाकले ते मोजलं नाही, पण एकूणएक रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आले. एक तर खालूनच गेला. कंपाउंडवरचा एक जण शांतपणे म्हणाला, "ताई, जेवून नाय आल्या का?" त्या सबंध दिवसात माझ्या खेळाबद्दल कोणी बोललेलं तेवढं एकच वाक्य शहाणपणाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावी गेलो. तिथंही तेच. पहिलाच सामना, पुढची कडा, पिशवी, एस्टी.

मग कारणं सुरू झाली. आमचे जिमखान्याचे सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉलबद्दल त्यांना इतकंच ठाऊक होतं की त्यात चेंडू असतो. गळ्यातली शिट्टी ते मुख्यतः गेटवरची पोरं हाकलायला वापरत. त्यांचं म्हणणं, "बाहेर गेलं की पोरींच्या हातापायातलं बळ जातं." उपाय म्हणून सूर्यनमस्कार, मोड आलेली मटकी आणि चेंडूला हात न लावता दहा मिनिटं रिंगकडे एकाग्र चित्ताने बघणे. आम्ही ती बघितलीसुद्धा. प्राचार्यांच्या मते शिस्त कमी होती. संस्थेचे एक सदस्य म्हणाले, केस मोकळे सोडू नका. माझ्या आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या. आमच्या कॅप्टनने नवे बूट घेतले आणि ती ते घालून नव्या उत्साहाने हरली. उंटावरचे शहाणे एवढे झाले होते की उंट दिसेनासा झाला होता.

मुलांचा संघही बाहेर हरायचा. पण ते सरावालाच येत नसल्यामुळे त्यांना कारणं शोधावी लागत नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळवणकडची एक मुलगी संघात आली. तिचे वडील गवंडी होते. खेळायची बरी, बोलायची कमी. पहिल्याच दिवशी तिने चार चेंडू टाकले, चारही मागच्या कडेवर आपटून लांब गेले. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. ती मात्र रिंगकडे न बघता खांबाच्या बुडाशी जाऊन बसली आणि हाताने माती झटकू लागली.

"ह्या खांबाचे बोल्ट कुठं हायेत?" तिने विचारलं.

"कसले बोल्ट?" कॅप्टन म्हणाली.

"खांबाला खाली पत्रा असतो, त्याला बोल्ट असतात. इथं पत्राच नाय दिसत. खांब पुरलाय. कोबा वर चढवला ना, मग रिंग खाली नाय का येणार?"

पुढच्या सोमवारी तिने घरून वडिलांचा टेप आणला. मी खाली वाकले, ती माझ्या खांद्यावर उभी राहिली. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर पाहिजे, हे पुस्तकात होतं. आमची भरली नऊ फूट सात इंच. पलीकडची मोजली. तीही तेवढीच.

मग शिपायाने सगळी हकिगत सांगितली. आम्ही कॉलेजात येण्याआधीच्या वर्षी संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. त्याचा मांडव कोर्टावर घालायचा होता, मंत्री यायचे होते. जुन्या कोर्टाला भेगा होत्या, पाणी साचायचं, मंत्र्यांची खुर्ची डुगडुगेल म्हणून वरून नवा कोबा ओतला. पाच इंच. खांब वर उचलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मंत्री आलेच नाहीत, त्यांनी शुभसंदेश पाठवला. कोबा मात्र राहिला आणि त्यावर आम्ही दोन वर्षं इमानाने चुकीचा खेळ शिकलो. ज्या हाताचा मला गर्व होता तो पाच इंच आखूड होता.

आम्ही टेप घेऊन सरांकडे गेलो. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." अंगण खरोखरच वाकडं असताना ही म्हण तोंडावर फेकली गेलेल्या आम्हीच पहिल्या असू. सरांना कोर्टावर आणलं, टेप लावून दाखवला. ते बराच वेळ वर बघत राहिले. नंतर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. ते विचार करत होते.

"पुढच्या वर्षी झोनल आपल्याकडे आहे," ते हळूच म्हणाले. "कोणाला बोलू नका."

कळवणची मुलगी म्हणाली, "सर, ते खोटं नाय का होणार?"

"आपण आपल्या अंगणात खेळतो. त्यात खोटं काय आलं?"

ती माझ्याकडे बघत होती. कॅप्टनपेक्षा माझं ऐकलं जायचं, हे तिला आठवडाभरात समजलं होतं. मी चेंडू हातात फिरवत राहिले. माझं शेवटचं वर्ष येणार होतं. खांब वर घेतले असते तर हात पहिल्यापासून बसवावा लागला असता, आणि झोनल गेलीच असती. मी तिच्याकडे पाठ करून रिंगकडे चेंडू टाकला. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून सरावाला आली नाही. विचारलं तर प्रॅक्टिकल आहेत म्हणाली. मी सगळ्यांसमोर तिला भित्री म्हटलं.

पुढच्या वर्षी झोनल आमच्याकडे झाली. रांगोळी, नारळ, प्रमुख पाहुण्यांचं 'खेळ आणि चारित्र्य' या विषयावर चाळीस मिनिटांचं भाषण. सरांनी मान हलवत पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं. आम्ही ठरलेले सामने खेळलो आणि एकेक जिंकत गेलो. बाहेरून आलेल्या मुलींचे चेंडू मागच्या कडेवर, फळीवर, कुठेही आपटत होते. एका संघाच्या मॅडमना शंका आली. त्यांनी पंचांना रिंग मोजायला सांगितली. पंचांच्या हातात पोह्यांची बशी होती. "रिंग काय रोज वाढते-घटते का मॅडम?" ते म्हणाले, आणि सरांनी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

अंतिम सामना पिंपळगावच्या संघाशी होता. त्यांची कॅप्टन बुटकी, वेणी डोक्याभोवती गुंडाळून पिनांनी पक्की केलेली. माझ्या पहिल्या वर्षी त्यांच्या कोर्टावर हीच मुलगी, तेव्हा अकरावीत, कडेला उभी राहून चेंडू टाकत होती आणि तो रिंगला न शिवता नुसता जाळीतून खाली पडत होता. तसा हात मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. माझाही नव्हता. तिला पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला पुण्याला बोलावलं होतं. त्यांच्या कॉलेजातून तिथवर कोणी पोचलं नव्हतं, म्हणून त्यांच्या सरांनी सकाळपासून ही बातमी चहावाल्यालासुद्धा सांगितली होती. त्या दिवशी तिचा एकही लांबचा चेंडू पडला नाही. आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. सरांनी मला अख्खा पेढा भरवला. मला खूप आनंद झाला, हेही सांगितलं पाहिजे.

पुढच्या फेरीला परगावी गेलो. तिथल्या रिंगा दहा फुटांवर होत्या. त्या सामन्याबद्दल आमच्यातली कोणीही आजतागायत बोलत नाही. दोन हजार सालानंतर केव्हातरी ते कोर्ट फोडून तिथे दुचाकींचं पार्किंग केलं. सरांचा निरोप समारंभ झाला तेव्हा त्यांच्या कार्यकाळातला विभागीय विजेता संघ म्हणून आमचा उल्लेख झाला. मी गेले होते. टाळ्या वाजवल्या.

पण झोनल जिंकली त्या संध्याकाळचं राहिलं. बक्षीस समारंभ लांबला होता, कारण प्रमुख पाहुणे जेवत होते. करंडक टेबलावर ठेवलेला. मैदान रिकामं, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर पिंपळगावची कॅप्टन एकटी चेंडू टाकत होती. चेंडू मागच्या कडेला लागून लांब उडायचा, ती धावत जाऊन आणायची, पुन्हा रेषेवर. मी जवळ गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक सांगून टाकायलाच गेले होते.

"ताई," ती म्हणाली, "माझ्या हाताला काय झालंय बघा ना. सरावात तर पडतात. आज सगळेच लांब जायलेत."

"दमली असशील."

"दमले नाय. तुमचा कसा अलगद जातो. कसा टाकता, दाखवा ना. आठ दिवसांनी चाचणी हाय माझी."

एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडात आलंही होतं. पण टेबलावरचा करंडक मला तिथून दिसत होता, आणि ते वाक्य बोलल्यावर तो आमचा राहिला नसता.

"जोर कमी कर," मी म्हटलं. "चेंडू इतका वर नको नेऊस." ती प्रयत्न करू लागली, जमेना, तेव्हा मी तिचं मनगट धरून कुठे थांबायचं ते दाखवलं. सरांना मी आयुष्यभर नावं ठेवली. तिचं मनगट सरांनी धरलं नव्हतं.

तिसरा चेंडू आत गेला. मग चौथा, मग पाचवा. ती हसली. "बरं झालं ताई, जायच्या आधी कळलं," ती म्हणाली, आणि हात पक्का बसावा म्हणून पुन्हा रेषेवर उभी राहिली. पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत ती टाकत होती, आणि मी रिंगखाली उभी राहून एकेक चेंडू उचलून तिला परत देत होते.