‘कोणासाठी?’ हा रकाना

आमच्याकडे टसरच्या साड्या विणतात आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असतो, ‘कोणासाठी?’ त्यावर काठ ठरतो. लेकीच्या डोहाळजेवणाला एक, विहिणीला दुसरा. पण उत्तर दुकानाबाहेर जात नाही. शेजारणीने कितीही खोदून विचारलं तरी सासूबाई म्हणतात, “साडी नेली, एवढंच पाह्यलं म्या.”

वेबसाइट काढली तेव्हा ऑर्डरच्या फॉर्मवर मी तोच प्रश्न टाकला. कोणत्या जाहिरातीवरून किती ऑर्डरी येतात हे कळावं म्हणून मोजणीचा कोडही बसवला. स्वतः शिकून बसवला, त्याचा तोरा होता. ‘तुमची माहिती नोंदवू का? हो / नको’ अशी पट्टी नियमाप्रमाणे लावली. तपासताना दिसलं, की ‘नको’ दाबलं तरी कोड चालतो आणि ‘कोणासाठी’चं उत्तर जाहिरात कंपनीकडे जातं. पण त्यामुळे मोजणी पूर्ण येत होती. म्हणून मी ते तसंच ठेवलं. विसरले नाही, ठेवलं. वर त्या उत्तरांवरून त्याच गिऱ्हाइकांना दिसतील अशा जाहिराती केल्या. एक होती, ‘लेकीचं डोहाळजेवण? साडीवर शोभेल असा शेला.’

काही आठवड्यांनी जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एक बाई आमचीच साडी घेऊन दुकानात आल्या.

“ताई, मी ‘नको’ दाबलं होतं.”

“कशावर?”

“तुमच्या त्या पट्टीवर. चष्मा लावून दाबलं.”

त्यांच्या मुलीने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. तिला दिवस गेल्याचं फक्त आईला ठाऊक होतं. साडी त्यांनी घरातल्या एकुलत्या फोनवरून मागवली आणि मेसेज पुसले. मग नवरा फोनवर बातम्या पाहत असताना आमची ती डोहाळजेवणाची जाहिरात आली. त्याने सगळं वदवून घेतलं, फोन खिशात टाकला आणि बाईंचं मुलीकडे चिखल्याला जाणं बंद केलं.

“मशीनची काही गडबड झाली असेल,” मी म्हणाले.

सासूबाई मागे धाग्याच्या कांड्या भरत होत्या. “मशीन कोणं लावली?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मग मी बाईंना खरं सांगितलं. हे होतं ते मला माहीत होतं, आकडे चांगले दिसावेत म्हणून चालू दिलं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी साडीची पिशवी माझ्याकडे सरकवली.

“आता तुम्हीच नेऊन द्या तिले.”

त्याच दिवशी मी कोड बदलला. ‘हो’ दाबेपर्यंत काहीच चालणार नाही, आणि ‘कोणासाठी’ फक्त आमच्या ऑर्डरवर राहील. तीन वेगवेगळ्या फोनवर ‘नको’ दाबून पाहिलं. जाहिरात कंपनीकडे गेलेल्या उत्तरांची यादी पुसायला लावली. मोजणी निम्म्यावर आली. ती अजून तेवढीच येते.

दुसऱ्या दिवशी बसने चिखल्याला गेले. मुलीने साडी बाहेर काढली, काठ पाहिला.

“आई काहून नाही आली?”

बसमध्ये मी ‘बरं नाही त्यांना’ असं ठरवलं होतं. ते तोंडातून निघेना. माझ्यामुळे, म्हटलं, आणि कसं ते सांगितलं.

तिने साडी मांडीवर घेतली.

“म्हंजे बाबाले माहीत झालं. काय म्हनले ते? माह्याबद्दल?”

ते मी बाईंना विचारलंच नव्हतं. माझी चूक कबूल केली आणि तिथेच थांबले होते.

“माहीत नाही,” मी म्हणाले.