ओळंब्याची निवांत सहल

कुणाच्याही घरी गेला की तो आधी दाराकडे बघायचा, मग माणसाकडे. दार चौकटीत नीट बसत नसेल तर त्या घराबद्दलचं त्याचं मत तिथंच पक्कं व्हायचं. टेबलावर हात ठेवून तो हळूच दाब द्यायचा. टेबल डुगडुगलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. भिंतीवरचे फोटो तो न विचारता सरळ करायचा, लग्नातले असोत की हयात नसलेल्यांचे. चहा आला की कप उचलून बशी डगमगते का ते आधी बघायचा. तोवर चहा गार व्हायचा, आणि चहा करणाऱ्या बाईला वाटायचं, याला आवडला नाही. तेही खरंच असायचं. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं हा बोटभर लांबीची लेव्हल ठेवायचा. काचेच्या नळीत हिरवं पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला तर वस्तू सरळ, नाही तर वाकडी. जगाची त्याने एवढीच वाटणी केली होती. सरळ वस्तूंच्या वाट्याला फार थोडं जग आलं होतं.

तो सुतार होता. लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवायचा. उंच, काटकुळा, चालताना वर ताठ आणि खाली जरासा हेलकावा. गल्लीतल्या गवंड्याने त्याचं नाव ओळंबा ठेवलं. भिंत उभ्यात सरळ आली का ते बघायला दोरीला बांधून सोडतात, तो लोखंडी गोळा म्हणजे ओळंबा. नाव असं बसलं की पोरं त्याला ओळंबाकाका म्हणायला लागली. त्यालाही त्यात टोमणा दिसला नाही. मान वाटला.

त्याची बायको बेकरीची गाडी चालवायची. दुकानं उघडायच्या आत पाव पोचवायचा असतो, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिने उजाडताना कधी अंथरूण पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात भट्टीची डागडुजी निघाली की बेकरी आठवडाभर बंद असायची. त्या आठवड्याचं तिचं एकच मागणं होतं. समुद्रकाठी खुर्ची टाकायची आणि काही करायचं नाही. तिची थोरली बहीण आणि मेहुणे दर उन्हाळ्यात भाड्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, घेऊन जायचे. नाकाची सालं निघालेली, पिशवीत शिंपले, असे परत यायचे. ओळंबा त्या शिंपल्यांकडे बघायचाही नाही. त्या गाडीतले खण कसे अडकतात एवढंच साडूला विचारायचा. साडू म्हणायचा, खण उघडलाच नाही, आम्ही बाहेर होतो. अशा माणसाशी पुढे काय बोलायचं, असं ओळंब्याला वाटायचं.

मग बेकरीच्या मालकाने नव्या गाड्या घेतल्या आणि जुन्यातली एक तिला देऊन टाकली. ती गाडी अंगणात लावून ती आत आली आणि म्हणाली, मागे एक गादी टाकू आणि जाऊ समुद्रावर. हे तिने दुसऱ्या कुणासमोर म्हटलं असतं तर ती त्याच आठवड्यात समुद्रावर असती. तिने ते ओळंब्यासमोर म्हटलं.

गादी टाकून जायला आपण काय भाजीवाले आहोत, असं त्याने विचारलं. सहल निवांत व्हायची तर आधी सगळं जागच्या जागी पाहिजे. ओले टॉवेल एकीकडे, कोरडे दुसरीकडे. चपलांना वाळू लागणार, म्हणून दाराशी वाळू झटकायची फळी. चहाची वेळ, पोहायची वेळ, काही न करायची वेळ. काही न करायला त्याने दुपारचा एक तास दिला होता. सुरुवातीला ती हसली. तिला वाटलं, गंमत करतोय. त्याला गंमत करता येत नाही हे इतक्या वर्षांनी तिला ठाऊक असायला हवं होतं.

अंगण उतरतं होतं. पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून तसं केलेलं. पोरांचा चेंडू सुटला तर थेट गटारात. गाडीचं तोंड घराकडे, मागची बाजू गटाराकडे. गाडी लावली तेव्हाच तिने न विसरता मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. त्या विटांना अडखळतच ओळंबा रोज गाडीत चढायचा.

त्याच्या कामाची एक रीत होती. फरशीवर विश्वास ठेवायचा नाही. लोकांच्या घरातल्या फरश्या वाकड्याच असतात, म्हणून कपाट फरशीच्या मापाने नाही, लेव्हलच्या मापाने बसवायचं आणि खालची फट पाचर मारून झाकायची. याच रीतीवर त्याने नाव कमावलं होतं. गाडीतही त्याने तेच केलं. पहिलंच कपाट ठेवलं तर मागच्या बाजूला खाली मोठी फट. फरशी वाकडी टाकलीय कारखान्यातल्या गाढवांनी, असं म्हणून त्याने पाचर मारली. पलंगाचे मागचे दोन पाय पुढच्यांपेक्षा लांब करावे लागले. खिडकी कापली तीही लेव्हल धरून. गवंडी बाहेर उभा होता. तो म्हणाला, मास्तर, खिडकी वाकडी दिसतेय. ओळंब्याने त्याच्याकडे न बघता सांगितलं की छप्पर वाकडं आहे.

बायकोने एकदा भीत भीत विचारलं, अंगण उतरतं आहे, त्याचं काही होणार नाही ना? त्यावर तो जे हसला ते तिच्या लक्षात राहिलं. अंगण कुठंही उतरू दे, बुडबुडा खोटं बोलत नाही, असं तो म्हणाला. तू गाडी चालव, सरळवाकडं माझ्यावर सोड. तिने सोडलं.

तो उन्हाळा कपाटांत गेला. दुसरा उन्हाळा पलंगात गेला, कारण पलंग एकदा करून त्याला पसंत पडला नाही. काम अर्धवट असताना गाडी हलवायची नाही, असा त्याचा दंडक होता, त्यामुळे तोवर गाडीने फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं. साडू दोन वेळा समुद्र पाहून आला. येताना त्याने मेहुणीसाठी शिंपल्यांची माळ आणली आणि ओळंब्याला विचारलं, काय हो साडूभाऊ, समुद्र आटायची वाट बघताय का? ओळंब्याने माळेतला दोरा तिरपा ओवलाय एवढंच दाखवून दिलं.

तिसरा उन्हाळा जवळ आला तेव्हा तिने जेवताना ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. तिला तो चढवताही यायचा नाही.

"या वेळी समुद्र," ती म्हणाली. "गाडी झाली तर गाडीतून, नाही तर मी ताईबरोबर जाईन. आणि मग तुमच्याबरोबर कुठंही जायचं नाव काढणार नाही. ना समुद्रावर, ना बाजारात."

बाजाराचं ऐकून तो जरा हबकला. समुद्राचं त्याला काही नव्हतं, पण बाजारात तो तिच्याशिवाय कधी गेला नव्हता. त्याने घाईघाईने उरलेले खण बसवले. दारांना, खणांना पितळी आकड्या लावल्या, म्हणजे रस्त्यात काही उघडू नये. निघायच्या सकाळी ती चाकांच्या विटा काढत होती आणि तो आतून शेवटचा हात फिरवत होता. बुडबुडा सगळीकडे मधोमध होता. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर असं तेज होतं की गवंड्याने त्याला हात जोडले. ओळंब्याने ते मनापासून स्वीकारले.

रस्ताभर तो आतून काही वाजतंय का ते ऐकत बसला. तिने एकदा खिडकीची काच खाली केली. वाऱ्याने ऐकू येत नाही म्हणून त्याने ती वर करायला लावली.

किनाऱ्यावर गाड्या लावायचं मैदान होतं. वाळू दाबून केलेलं, तळहातासारखं सपाट. बहीण आणि मेहुणे आदल्या दिवशीच आलेले. त्यांच्या शेजारी जागा होती. ती उतरली आणि समुद्राकडे तोंड करून नुसती उभी राहिली. ओळंबा आत गेला आणि त्याने आकड्या काढल्या.

सगळे खण एकामागून एक पुढे सरकत आले. कपाटांची दारं सावकाश, अदबीने उघडली. कागदात गुंडाळलेली अंडी गडगडत पुढे आली आणि फुटली. त्याने स्टोव्हवर पातेलं ठेवलं तर दूध एका कडेला जमलं. पलंगावर आडवं होऊन पाहिलं तर पाय वर आणि डोकं खाली, रक्तदाब उतरला की दवाखान्यात झोपवतात तसं. त्याने खिशातून लेव्हल काढली. बुडबुडा टोकाला जाऊन बसला होता. त्याने ती झटकली, पुसली, उलटी करून ठेवली. मग बाहेर येऊन जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. जमीन वाकडी आहे असं म्हणायची त्याची फार इच्छा होती. परत आत जाऊन त्याने खिडकीतून पाहिलं. चौकटीत समुद्र तिरका दिसत होता, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे चढलेला.

समुद्र वाकडा आहे असं म्हणायला मात्र त्याची जीभ रेटली नाही. बायको खिडकीत आली तेव्हा तो खाली बसून फुटलेली अंडी पुसत होता. अंगण उतरतं होतं, एवढंच तो म्हणाला. जसं काही हे त्याला आज कुणी कळवलं होतं.

साडू चहा घेऊन आला. आत डोकावला. हसू दाबायचा त्याने प्रयत्न केला हे खरं, पण तो प्रयत्न फार टिकला नाही. मग तो म्हणाला, अहो, सोपं आहे. पुढच्या चाकांखाली दोन फळ्या घालू. इथं सगळेच घालतात. गाडी अंगणातल्यासारखी उभी राहिली की तुमचं सगळं बरोबर. मैदानातल्या निम्म्या गाड्यांच्या चाकांखाली खरोखरच लाकडाचे ठोकळे होते. तीही म्हणाली, भाऊजी म्हणतात तसं करू, दोन मिनिटांचं काम आहे, फळ्या द्या, मी चढवते.

ओळंब्याने हे ऐकून घेतलं, माणूस शिवी ऐकून घेतो तसं. चूक कपाटात असताना चाकांना आधार देणं म्हणजे लबाडी, असं त्याचं म्हणणं पडलं. लोक आत येऊन वाहवा करतील आणि खाली फळ्या असतील. त्यापेक्षा आत्ता परत जावं. घरी सगळं उतरवून नव्याने बसवावं. पुढच्या उन्हाळ्यात बघता येईल.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग गाडीची किल्ली काढली, मुठीत घेतली, टपावरची खुर्ची उतरवली आणि समुद्राकडे चालायला लागली. ओळंब्याला गाडी चालवता येत नव्हती. सगळ्या योजनेत ही एक गोष्ट त्याने धरलेली नव्हती.

संध्याकाळी ती आली, बहिणीकडे जेवली आणि बहिणीच्या गाडीत झोपली. ओळंबा तिरक्या पलंगावर एकटा झोपला. सकाळी तो खाली, कपाटाच्या पायथ्याशी सापडला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती काढली. सुरुवात पलंगापासून. मागच्या दोन पायांवर पेन्सिलने रेघा मारल्या. एक पाय कापला. दुसरा कापायचा तर पलंगाचं ते टोक कुणीतरी उचलून धरायला हवं होतं. साडू समोरच वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडला होता. त्याला हाक मारण्यापेक्षा ओळंब्याने हात तोडून घेतला असता. तो बायकोला बोलवायला निघाला. हातात करवत तशीच. किनाऱ्यावर लोक पोरांना जवळ ओढून वाट देत होते. तो मान देतात म्हणून मान हलवत होता.

ती झोपली होती. खुर्चीत, डोकं एका बाजूला कललेलं, तोंड उघडं, पाय पाण्यात. ऊन चांगलं वर आलेलं. घरी तो उठायचा तेव्हा ती कधीच निघून गेलेली असायची. उजेडात झोपलेली बायको त्याने पाहिली नव्हती. तो तिथं बराच वेळ उभा राहिला. खांदे जरा पडलेले, करवत खाली. एरवी त्याने तिची मान सरळ केली असती.

लाट आली तशी ती जागी झाली.

"काय?"

"पलंग धरायला येतेस का? एक पाय राहिलाय."

"नाही."

"मग तो तसाच राहील."

"राहू द्या," ती म्हणाली. "बसा."

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ती गाडीत होती, ओल्या टॉवेलांच्या मागे, योजनेप्रमाणे. तो वाळूत बसला. साक्षीदाराला पिंजऱ्यात बसवावं तसा बसला, गुडघे जवळ, पाठ ताठ. पाणी आलं आणि त्याची विजार कमरेपर्यंत भिजली. त्याने तिच्याकडे पाहिलं. ऊठ, असं ती म्हणाली नाही. तिने डोळे पुन्हा मिटले होते. किल्ली अजून मुठीतच होती. पुढची लाट आली तेव्हाही तो बसूनच होता. करवत तेवढी त्याने मांडीवर घेतली.

उरलेला आठवडा ते साडूच्या दोन फळ्यांवर राहिले. ओळंबा त्या फळ्यांकडे बघायचं टाळत गाडीत चढायचा. पलंगाच्या कापलेल्या पायाखाली तिने पावाचा एक रिकामा क्रेट सारला होता. परत आल्यावर ताईने विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात येणार ना? ती म्हणाली, येणार. हे येतील का ते यांना विचार. ओळंबा त्या वेळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कपाट बसवत होता.

गाडी अंगणात उभी आहे. क्रेट बेकरीला परत गेला. पलंगाचा मागचा दुसरा पाय अजून कापायचा राहिला आहे.