सुगंधाबाईंनी कॅमेरा सुरू केला

रविवारी सकाळी आमचा संधिवाताच्या रुग्णांचा वर्ग नेहमीसारखा मोबाइलवर सुरू झाला. सुगंधाबाईंचं नाव दिसलं, म्हणून मी विचारलं, "आवाज येऊन राह्यला का, सुगंधाबाई?" उत्तर त्यांच्या मोठ्या मुलानं दिलं. "आई गेली, बाई. न्यूमोनिया झाला होता... तुमाले सांगाचं होतं म्हणून आलो." नागपूरहून शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी समोरची वही मिटली. गावोगावची आम्ही माणसं आपापल्या घरात एकेकटी बसलो होतो, पण रडलो सगळी एकत्र.

आरमोरीजवळच्या खेड्यातलं सुगंधाबाईंचं ढिवराचं घर. तळ्यात मासे धरायचे, जाळी विणायची. ऐन उमेदीत बोटं सुजू लागली. कुणी लेप दिला, कुणी इंजेक्शन दिलं. खरं निदान झालं तोवर बोटं कायमची वाकली होती. मी गडचिरोलीत शिक्षिका, आजार मलाही हाच. गोळी कशासाठी, रक्त का तपासायचं, भरलेली बादली सांध्यांवर ताण न देता कशी उचलायची, हे डॉक्टर मॅडम समजावून सांगत. शिकणारे मात्र सगळे कॅमेरे बंद करून काळ्या चौकटींत लपलेले. प्रश्न कुणीच विचारत नसे. अशातच एका रविवारी सुगंधाबाईंनी कॅमेरा सुरू केला आणि दोन्ही हात समोर धरले. "हे पाहा. लाजेनं मी पदरात लपवत होती. आता तुमी विचारा, नाईतर तुमचेही असेच होतीन." त्या दिवशी एकेक चौकट उजळत गेली.

वर्गात भामरागडकडची रुक्मी होती, नुकतंच लग्न झालेली. ती अचानक बोलेनाशी झाली. सुगंधाबाईंनी फोन केला तेव्हा कळलं, या गोळ्या चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, एवढंच ऐकून सासूनं गोळ्याच बंद करायला लावल्या होत्या. आता पोरीला धड उठताही येत नव्हतं. "फोनवर नाई होत हे. जावं लागते," सुगंधाबाई म्हणाल्या. मीही निघाले. एसटीचा दांडा त्यांच्या मुठीत मावेना, तर त्या कोपर अडकवून चढल्या. जंगलातल्या त्या रस्त्यानं माझे सांधे ठणकू लागले. त्यांचं काय होत असेल! पण त्या खिडकीतून मोहाची झाडं पाहत बसल्या होत्या, जणू माहेरी निघाल्या होत्या.

सासू गोंडी बोलणारी. सुगंधाबाईंना गोंडी येत नव्हती. त्यांनी आपला वाकडा हात तिच्या हातात दिला आणि रुक्मीचा सुजलेला हात शेजारी ठेवला. म्हातारी कितीतरी वेळ एकेक बोट चाचपत राहिली. "मले कोणी शिकवलं नाई, माय," सुगंधाबाई रुक्मीला म्हणाल्या, "तुले तं शिकवून राह्यले. मंग काऊन असं? लेकरू पाहिजे, तं डॉक्टरले सांग. ते गोळी बदलून देते." रुक्मीनं रडत रडत ते गोंडीत सांगितलं. सासू उठली, तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेली. औषध बदललं, दुखणं आटोक्यात आलं. पुढं डॉक्टरांच्या देखरेखीत रुक्मीला मुलगी झाली. तिनं ती सर्वांत आधी वर्गात दाखवली. सुगंधाबाई नुसत्या हसत होत्या. एवढं मोठं काम करून माणूस इतकं साधं कसं राहू शकतं, याचं नवल मला अजून वाटतं.

भामरागडहून परतताना त्या माझ्याकडे मुक्कामाला होत्या. सकाळी भाजी ढवळताना माझ्या हातून पळी निसटली. त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याची चिंधी काढली आणि दांड्याला गुंडाळून तो जाड केला. "आता मूठ आवळा लागणार नाई," म्हणाल्या. काल ती चिंधी धुवायला सोडू गेले, तर गाठ सुटेना. मूठही न मिटणाऱ्या त्या हातांनी ती इतकी पक्की कशी मारली असेल... मी पळी तशीच नळाखाली धरली.