टिप्परचा लाल दिवा

वसंतासारखा ड्रायव्हर अख्ख्या खापरखेड्यात नाही. ज्याले पटत नाही त्यानं जानेवारीच्या धुक्यात गाडी चालवून दाखवावी, मग बोलावं.

हप्त्यातून दोनदा तो कौशल्याबाईले आपल्या जुन्या व्हॅनमधी रामदासपेठेत डायलिसिसले नेते. तीन वर्षं झाली, एक खाडा नाही. पाळी आठची. उशीर झाला का पलंग दुसऱ्याले देतात, अन् मावशीचं अंग रात्रीपर्यंत सुजून टम्म होते.

त्या दिवशी धुकं असं होतं का हेडलाइटच्या पुढं नुसतं पांढरं. वसंतानं कापलेला आलू काचेवर घासला, म्हणजे वाफ धरत नाही. दोन्ही खिडक्या उघड्या, गाणं बंद.

"खिडक्या काहून उघडल्या गा? कुडकुडून राहिली मी," मागून मावशी.

"धुक्यात कानानं चालवा लागते, मावशी. शाल घे."

"अन् या आलूची भाजी दवाखान्यात करता का, भाऊजी?" मावशीची सून मयुरा हसली.

वसंता सगळ्याइले एकच सांगते, पुढच्याचा लाल दिवा धरून चालू नका. तो त्याच्या कामाले जाऊन राहिला, तुमच्या नाही. पण सात वाजले तरी वाटेतली कोराडीही आली नव्हती. तेवढ्यात पुढं एका टिप्परचा लाल दिवा दिसला, चांगला ठळक. वसंतानं धरला तो. गाडी पळाले लागली.

दहा मिनिटांत चाकाखालचा आवाजच बदलला. डांबराची घरघर गेली, गादीवरून चालल्यावानी झालं. खिडकीतून ओल्या राखेचा वास आला. वसंतानं कचकन ब्रेक मारला.

"आयला! हा टिप्पर त वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यावर राख भराले चालला!"

खाली उतरून पाहते त त्याच्या मागं चार गाड्या अन् एक दूधवाला.

"आमाले वाटलं तुम्हाले रस्ता माहीत आहे," दूधवाला म्हणे.

"मलेही टिप्परवाल्याबद्दल तेच वाटलं," वसंता म्हणे.

मावशी रागावली नाही. एवढंच इचारलं, "पोचतो ना गा?"

ते त्याले शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यानं पत्र्यावर थापा मारत एकेक गाडी मागं फिरवली, आपली सगळ्यात शेवटी. मग पायी चालल्यावानी हळूहळू निघाला.

"आलं डांबर!" मावशी ओरडली. वसंतालेही ऐकू यायच्या आधी. शाल कानावरून काढून ती खिडकीले टेकून बसली होती. तिथून पुढं तीच सांगून राहिली, "उजवीकडून ट्रक येते. दाब हॉर्न. आता जाय."

पोचले तेव्हा पावणेनऊ. वसंता हात जोडत जिन्यावरून पुढं पळाला, माफी मागाले. वर सगळे पलंग रिकामे. सिस्टर एकटीच चहा पिऊन राहिली.

"आठवाल्यांतलं कोणीच आलं नाही अजून," ती म्हणाली. "या मावशी, कोणता पलंग पाहिजे?"

"पंख्यापासून दूरचा," मावशी म्हणे, अन् वसंताकडं पाहून डोळा मारला.

मशीन सुरू झाली तेव्हा कुठं वसंता खाली उतरला अन् दोन प्लेट तर्री-पोहे हाणले.

आता मावशी पुढच्या सीटवर बसते. परवा मयुरा काच वर कराले गेली, त मावशीनं तिचा हातच झटकला.

"राहू दे वं. इकडचा कान माझा आहे."